झोपेत आठपर्यंत मोजणारा पोरगा

या वेळचं पत्र वर्धा जिल्ह्यातून आलंय, एका वहिनीचं. गावाचं नाव, पोरांची नावं, स्पर्धा कुठं झाली ते सगळं काढून टाकलं, थोडं छोटं केलं, बाकी बोली तिचीच ठेवली.

"सर नमस्कार. माह्या दिराबद्दल लिहून राहिली आहो. तो २० वर्षाचा आहे, चार वर्षापासून बॉक्सिंग खेळते. जानेवारीत स्पर्धा होती. दुसऱ्या राऊंडले याचा उजव्या हाताचा ठोसा लागला न समोरचा पोरगा खाली बसला, उठला, पंचानं आठपर्यंत मोजलं, परत खेळ म्हणे. मॅच पूर्ण झाली, आमचा जिंकला. त्या पोरानं याले मिठी मारली, फोटो पण आहे मोबाइलमध्ये. मंग अर्ध्या घंट्यानं त्याले ओकाऱ्या सुरू झाल्या, दवाखान्यात नेलं, डोक्याचं ऑपरेशन केलं, चौथ्या दिवशी गेला. मायबापाले एकुलता एक होता. तवापासून आमचा पोरगा घरात आहे पण नसल्यासारखाच. उजव्या हातानं जेवत नाही, डाव्या हातानं चमच्यानं खाते. झोपेत आकडे मोजते, आठ झाले की उठून बसते. रात्री एकटाच वावरात जागलीले जाते, म्हणते रानडुकरं येते. मामंजी म्हणते इसरून जाय, तुही काही चूक नाही. सासूबाईनं एका महाराजाकडे नेलं तर तो म्हणे त्या मेलेल्या पोराचं याले लागलं. आता म्हणते लग्न लावून देऊ. आमचे हे म्हणते ग्लोव्हज विकून टाक. कोच म्हणते डिसेंबरपर्यंत रिंगमध्ये नाही आला तर खेळ संपला. गावातले पोट्टे मागून म्हणते जपून रे बाप्पा, एका बुक्कीत माणूस मारते हा. पोलिसानं बयान घेतलं, त्यानंतर काही आलं नाही. मले त्याच्या मायले भेटाव वाटते असं तो एकदाच बोलला, कोणीच काही उत्तर नाही देलं. काय कराव सर? खाली नंबर आहे, पण दुपारीच फोन करजा, तवा घरी कोणी नसते."

ताई,

बाकीचं सावकाश वाचा पण एक काम आज संध्याकाळीच करा. हे दिवस फवारणीचे, म्हणजे घरात नाहीतर वावरातल्या झोपडीत औषधाचे डबे असणारच, आपल्याकडं कोणाच्या इथं नसतात. ते सगळे उचलून कुलुपात टाका आणि चावी तुमच्या मालकाजवळ ठेवा, नाहीतर सरळ एखाद्या भरवशाच्या शेजाऱ्याकडं डबे ठेवून द्या आणि फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणा. जागलीला त्याला एकटं पाठवू नका. रानडुकरं येतात हे खरंय, रोहीही येतात, सगळं खरंय, पण सात महिने झोप नसलेला पोरगा रात्रभर एकटा आणि हाताशी फवारणीचं औषध, हे मला चालणार नाही. सोबत मोठ्या भावानं जावं. दोन महिने दोघांनी जागल केली तर काही बिघडत नाही.

आणि त्याला सरळ विचारा, आडून आडून नको, की बाबू मरून जावं असं मनात येतं का. लोकांना वाटतं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात भरतो, तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोरगं मोकळं होतं. हो म्हणाला तर आरडाओरडा करू नका, शपथा घालू नका, तिथंच बसून राहा आणि १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारचं आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं. तो हो म्हणो की नाही म्हणो, डॉक्टरला दाखवायचंच आहे. तुमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, सावंगी आहे, दोन्हीकडं मेडिकल कॉलेज, मानसोपचाराचे डॉक्टर दोन्हीकडं बसतात, आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यातही विचारा. तिथं "टेन्शन आहे" एवढंच सांगून गोळ्या घेऊन परत येऊ नका. जानेवारीत काय झालं ते सांगा, आकडे मोजतो ते सांगा, उजवा हात वापरत नाही ते सांगा. असा धक्का बसल्यावर महिनाभरात उतरला नाही आणि रात्री तेच तेच दिसत राहिलं तर तो आजारच आहे, त्याला उपचार आहेत, बोलण्याचे आहेत आणि लागले तर गोळ्यांचेही. आणि हो, त्याच्या स्वतःच्या डोक्याचंही विचारून घ्या. तीन राऊंड मार त्यानंही खाल्लाय ना, ते तर सगळे विसरूनच गेले.

आता मुद्द्याचं.

बॉक्सिंगमध्ये पोरगा खाली गेला की पंच आठपर्यंत मोजतो आणि मग पुढं खेळवायचं की थांबवायचं ते ठरवतो. तुमच्या पत्रातलं ते आठचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बसलो. कारण मी पंच होतो. बॉक्सिंगचा नाही, कुस्तीचा. शाळेत खेळाचा मास्तर म्हणून आजूबाजूच्या गावांत दंगल असली की शिट्टी माझ्याच गळ्यात. १९९६ ची नागपंचमी, पाऊस येऊन गेलेला, माती जड झालेली, आणि शेवटच्या जोडीवर लोक इनाम वाढवत होते, एकावन्न, एकशे एक, पाचशे एक, लाउडस्पीकरवर नावं पुकारणं चाललं होतं. जोडीतला एक पोरगा आधी एकदा डोक्यावर आपटला होता. उठला तेव्हा त्याचे डोळे मी बघितले. माझ्याकडं बघत होता पण मी त्याला दिसत नव्हतो. हे मला कळलं ताई, तेव्हाच कळलं, आणि मी शिट्टी तोंडाशी नेली, आणि भोवती पाचशे माणूस ओरडत होता, आणि मी ती खाली घेतली. पुढच्या मिनिटाला धोबीपछाड बसला आणि तो मानेवर पडला.

वाचला तो. आज त्याचा पानठेला आहे, मान डावीकडं वळत नाही, गिऱ्हाईक डावीकडून आलं तर अख्खा वळून बघतो. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो त्याच्याकडं, तो माझ्याकडून पैसे घेत नाही, मी भांडतो. पण सांगायचं ते वेगळंच आहे. त्या आठवड्यात अख्खा गाव त्याच्या घरी जाऊन आला, सरपंच गेले, मीही गेलो, दवाखान्याला पैसे जमा केले. ज्यानं डाव टाकला तो पोरगा पलीकडच्या गावचा, १९ वर्षांचा, त्याच्या घरी एक माणूस गेला नाही. मीही नाही. दोन महिन्यांनी कळलं की तो सुरतला कामाला निघून गेला, लंगोट घरातच खुंटीवर ठेवून. त्यानं नियमातला डाव टाकला होता आणि थांबवायचं काम माझं होतं हे त्याला जाऊन सांगायला मला पाच मैल सायकल मारायची होती, ती मी मारली नाही.

म्हणून तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर हेच की सात महिन्यांत तुमच्या घरी कोणी बसायला आल्याचं तुम्ही लिहिलंच नाही. ज्याच्या घरी मयत होते तिथं आपण जातो, बोलायला काही नसलं तरी चटईवर अर्धा घंटा बसून येतो. तुमच्या घरी मयत झाली नाही म्हणून कोणी आलं नाही. पण त्या पोराला जाऊन सात महिने झाले आणि तुमचा पोरगा त्याचं सुतक एकट्यानंच पाळतोय, डाव्या हातानं जेवून.

"विसर" म्हणणं तेवढं बंद करा. मामंजींना माझा नमस्कार सांगा, त्यांचा जीव तुटतो म्हणूनच म्हणतात, पण विसर म्हटलं की पोराला ऐकू येतं की याबद्दल या घरात बोलायचं नाही. "तुझी काही चूक नाही" हेही रोज रोज नको. का ते सांगतो. त्याच्या हाताला माहीत आहे ठोसा कोणाचा होता. तुम्ही जेव्हा म्हणता काहीच झालं नाही तुझ्याकडून, तेव्हा त्याला वाटतं यांना कळलंच नाही, किंवा कळलं म्हणूनच खोटं बोलतायत. त्यापेक्षा नेमकं जे झालं ते सांगा. ठोसा त्याचा होता. खेळ नियमातला होता. आठच्या पुढं काय करायचं ते ठरवायचं काम त्याचं नव्हतं, पंचाचं आणि डॉक्टरचं होतं, आणि त्यांनाही आत काय चाललंय ते दिसलं नसेल.

आत काय झालं असेल ते थोडं समजून घ्या, त्यालाही सांगा. कवटीच्या आतल्या पडद्यातून मेंदूकडं बारीक बारीक शिरा गेलेल्या असतात. डोकं झटक्यात फिरलं की मेंदू मागं राहतो, शीर ताणते, तुटते, आणि रक्त हळूहळू साचायला लागतं. म्हणून माणूस उठतो, खेळतो, मिठी मारतो, फोटो काढतो, आणि मग ओकाऱ्या. डोक्याला घालतात त्या हेडगार्डनं कातडी फुटत नाही, पण आतला झटका थांबत नाही. २०१३ साली मोठ्या पुरुषांच्या मॅचमध्ये तर ते काढूनच टाकलं होतं. आणि कधी कधी शीर आधीच कमजोर झालेली असते, दोन आठवडे आधी सरावात लागलेलं असतं आणि पोरगं कोणाला सांगत नाही कारण सांगितलं तर संघातून नाव जाईल, वजन उतरवायला पाणी सोडलेलं असतं त्याचीही शंका डॉक्टर घेतात. तुमच्या केसमध्ये असं काही होतं का मला माहीत नाही, आणि असलं तरी ते त्या माउलीच्या घरी जाऊन चुकूनही बोलायचं नाही. तुमच्या पोराचंच आधीपासून दुखत असेल, असलं वाक्य तिथं कोणाच्या तोंडातून निघालं तर तुम्ही गेलेलं न गेल्यासारखंच होईल.

खेळात हे आपल्याच पोरावर पहिल्यांदा आलेलं नाही. क्रिकेटवाल्यांना आपला रमण लांबा आठवत असेल, १९९८ साली ढाक्याला शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभा होता, बॅट्समनचा फटका डोक्याला लागला, तीन दिवसांत गेला. आपल्याकडं आजही लोक लांबाबद्दल हळहळतात. ज्यानं तो फटका मारला तो मेहराब हुसेन, त्याचं काय झालं असेल असं आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मीही नाही.

बॉक्सिंगमधलं सांगायचं तर अमेरिकेच्या रे मॅन्सिनीचं. हा परिच्छेद सध्या त्याला वाचून दाखवू नका, तुमच्यासाठी आहे. १३ नोव्हेंबर १९८२, लास वेगास, मॅन्सिनी तेव्हा २१ चा, समोर कोरियाचा किम डुक-कू. १४ व्या राऊंडला किम पडला, कसाबसा उठला, पंचानं फाइट थांबवली, आणि थोड्याच वेळात तो कोमात गेला, चार दिवसांनी वारला. पुढच्या काही महिन्यांत किमच्या आईनं जीव दिला आणि फाइटचे पंच रिचर्ड ग्रीन यांनीही. ग्रीन यांचं कारण हेच होतं का ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण पंच म्हणून मला त्यांचं नाव विसरता येत नाही. वर्ल्ड टायटलच्या फाइट १५ राऊंडच्या होत्या त्या १२ वर आल्या त्यामागं ही फाइट आहे. मॅन्सिनी खेळत राहिला, पण लोक म्हणायचे आधीचा मॅन्सिनी राहिला नाही. हे सगळं मी का सांगतोय, तर एक ठोसा दोन माणसांपुरता राहत नाही. तुमच्या पोराचा कोचही बघा, पंचही बघा, तेही कुठंतरी आकडे मोजत असतील. कोच डिसेंबर डिसेंबर करतोय ना, मला वाटतं तो घाबरलाय, पोरगा रिंगमध्ये परत दिसला की सगळं ठीक झालं असं त्याला स्वतःलाच पटवायचं असेल. त्याच्यावर चिडू नका, पण त्याचं ऐकूही नका.

तुमचे बाकीचे प्रश्न पटापट.

लग्न नाही. अजिबात नाही. परक्या घरच्या पोरीला नर्स म्हणून आणायचं आणि सहा महिन्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून तिलाच बोल लावायचे, हे आपण लय बघितलंय. तसाही तो २० चा आहे, मुलाला कायद्यानं २१ लागतात.

महाराज. सासूबाईंशी भांडू नका, त्यांना मारुतीला नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या, मीही येईन. पण "त्याचं याला लागलं" हे वाक्य घरात पुन्हा नको. मेलेल्या पोरानं जाताना मिठी मारली होती, आणि हा महाराज त्यालाच भूत करून तुमच्या घरात सोडतोय. मारहाण, धुरी, अंगात आलेलं काढतो असलं काही सुरू झालं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आपल्या राज्यात, सरळ ठाण्यात जा.

पोलिसांचं बयान. खेळताना असं झालं तर साधारण अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि सगळ्यांचे जबाब घेतात, जबाब घेतला म्हणजे गुन्हेगार ठरला असं नाही. कायद्यात जुन्यापासून तलवारबाजीचं उदाहरण दिलेलं आहे, दोघं सज्ञान, दोघंही राजीखुशीनं खेळतायत, नियम पाळलेत, मारून टाकायचा इरादा नाही, तर लागलं म्हणून तो गुन्हा नाही. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २५ मध्ये आहे. तरी एकदा वकिलाला कागद दाखवून घ्या, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, १५१०० वर फोन केला तरी रस्ता सांगतात.

गावातले पोट्टे. त्यांना तुमच्या मालकानं एकदा चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर विचारावं, शांतपणे, की त्यातला कोण त्या पोराच्या मयतीला गेला होता. बस. आपोआप गप होतील.

ग्लोव्हज विकू नका, जाळू नका, भिंतीवर टांगूनही ठेवू नका. पोत्यात बांधून माळ्यावर टाका. वर्षभर खेळायचं की सोडायचं यावर कोणी काही ठरवायचं नाही, त्यानंही नाही. क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाच्या शॉन अबॉटच्या बाउन्सरवर नोव्हेंबर २०१४ मध्ये फिल ह्यूज गेला, अबॉट तेव्हा २२ चा होता, काही आठवड्यांत परत मैदानात उतरला आणि विकेट काढल्या. त्याच्यासाठी ते बरोबर असेल, त्याच्या पाठीशी अख्खी टीम होती. बॉक्सर एमिल ग्रिफिथचं वेगळं झालं. १९६२ मध्ये त्याच्या ठोशांनी बेनी पॅरेट दहा दिवसांनी वारला, ग्रिफिथ पुढं पंधरा वर्षं खेळला, पण समोरचा अडचणीत आला की याचाच हात आखडायचा. तुमच्या पोराचा हात तर ताटापाशीच आखडलाय, त्याला रिंगमध्ये कुठं पाठवता. समोरच्याला लागेल या भीतीनं रिंगमध्ये उभा राहिलेला बॉक्सर स्वतःच मार खातो.

आता त्या आईचं. पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते शेवटाला ढकललंय, घरातल्यांनी ढकललं तसंच.

माझं मत विचाराल तर जावं. पण उद्या नाही. आधी वकिलाला विचारा, काही केस उभी असेल तर तो काय म्हणतो ते ऐका. मग मध्ये कोणीतरी माणूस घ्या, त्यांच्या गावचा शिक्षक, त्या पोराचा कोच, नात्यातलं कोणी, आणि त्यांच्यामार्फत विचारा की मुलगा भेटायला येऊ इच्छितो, चालेल का. नाही म्हणाले तर नाही. सहा महिन्यांनी परत एकदा विचारा, तिसऱ्यांदा विचारू नका. हो म्हणाले तर तो, मोठा भाऊ आणि तुम्ही, तिघंच जा, बाईमाणूस सोबत असू द्या. गाडी भरून जाऊ नका. फोटो नाही, स्टेटस नाही, पाकीट नाही. पैसे पुढं करायचेच असतील तर कितीतरी नंतर आणि त्यांना कमीपणा वाटणार नाही असे. अमेरिकेचा नामी बॉक्सर शुगर रे रॉबिन्सन, त्याचं ऐकलंय का बघा तुमच्या पोरानं. १९४७ मध्ये क्लीव्हलंडला जिमी डॉयलशी फाइट होती आणि आदल्या रात्री याला स्वप्न पडलं की डॉयल आपल्या हातून मरतो. तो म्हणाला मी लढत नाही. लोकांनी पाद्री आणून त्याची समजूत घातली, लढला, आणि डॉयल खरंच गेला. रॉबिन्सननं पुढच्या फाइटच्या पैशातून डॉयलच्या आईला घर घ्यायला मदत केली, कारण डॉयल आईसाठी घर घ्यायचं म्हणूनच लढत होता. आपल्याकडं घर घेऊन द्यायची ऐपत नाही, पण एकुलता एक पोरगा गेलेल्या घरी वेचणीला माणूस मिळत नाही हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिथं गेल्यावर माफी माग माफी माग असं त्याच्या मागं लागू नका. माफी मागितली की समोरच्या बाईवर येतं, द्यायची की नाही, आणि तिच्याकडं सध्या द्यायला काही नाही. नुसतं बसायचं. ती शिव्या देईल, ऐकून घ्यायच्या. रडेल, रडू द्या. पोराचा फोटो दाखवेल, नीट बघायचा, घाईनं हातातून परत द्यायचा नाही. तो मिठीचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आहे ना, तो छापून सोबत न्या पण बाहेर काढू नका, तिनं विचारलं की शेवटी कसा होता माझा पोरगा, तरच काढा. ती विचारेलच असं नाही. पण आईला हे कोण सांगणार की खाली उतरताना तो हसत होता? ते सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो तुमच्या घरी चमच्यानं जेवतोय.

ग्रिफिथला पॅरेटचा मुलगा भेटला तो चाळीसेक वर्षांनी, मिठी मारली. मॅन्सिनीला किमचा मुलगा भेटला २०११ मध्ये, २९ वर्षांनी, बाप गेला तेव्हा हा आईच्या पोटात होता. तो म्हणाला तुमची चूक होती असं मला वाटत नाही. तेच वाक्य मॅन्सिनीला २९ वर्षं सगळी दुनिया सांगत होती, पण ऐकू आलं ते या पोराच्या तोंडून. २९ वर्षं लय होतात ताई.

पुढचं त्याला वाचायला द्या.

बाबू, मी तुला ओळखत नाही. मी पंच होतो, वरती वाचलं असेल तर तुला कळलं असेल कसला पंच. तू झोपेत मोजतोस ते आकडे पंचाचे आहेत. आठ म्हटल्यावर समोरच्याचे डोळे बघायचं काम पंचाचं, तू तर कोपऱ्यात उभा होतास, तुझ्याकडं त्याची पाठ असेल नाहीतर पंच मध्ये असेल. तुला दिसलंच नाही त्याचं तू सात महिने मोजतोयस. मला दिसलं होतं आणि मी शिट्टी मारली नाही, तरी मी रोज उजव्या हातानं जेवतो, म्हणजे बघ. ठोसा तुझा होता हे मी नाकारत नाही, तूही नाकारू नको. त्याचं ओझं राहील थोडं, ते राहू दे, त्या पोराची आठवण म्हणून राहू दे. पण आठच्या पुढचं माझ्यासारख्या लोकांचं आहे, ते आमच्याकडं दे. आणि त्याचं नाव घेत जा घरात. वहिनीजवळ घे. तो कसा खेळायचा, डावा हात कसा टाकायचा, तुला कितीदा लागला, सांग तिला. तिला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही पण ती ऐकेल, पत्र वाचून तेवढं मला कळलं.

हाताचं कोणी काही बोलणार नाही, चमचा तर चमचा. मन झालं तर एखाद्या दिवशी भाकर तेवढी उजव्या हातानं मोड, बाकी राहू दे.

ताई, तुमच्या नंबरवर सोमवारी दुपारी फोन करतो. घरच्यांची हरकत नसेल तर पोळ्याच्या आधीच्या रविवारी येतो. त्याला सांगा एक म्हातारा मास्तर बसायला येणार आहे, बोललं पाहिजे असं काही नाही, जागलीलाही चालेल, माझ्याकडं बॅटरी आहे. जेवायचं वेगळं काही करू नका, झुणका असला तरी पुरे, आणि मलाही चमचा ठेवा.